एक्स-वाय राउटिंग असूनही मेश का अडते?

ओळ_स्तंभ

हार्डवेअरवाली बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय. चिपवरच्या मेश जाळ्याचा (चौकटीसारखं जाळं, ज्यावरून चिपचे भाग एकमेकांना पॅकेटं म्हणजे माहितीचे गठ्ठे पाठवतात) विषय निघाला की चर्चा आधी राउटिंगकडे वळते. पॅकेट कुठल्या वाटेने न्यायचं, गर्दी कशी चुकवायची, कुठला अल्गोरिदम जास्त हुशार, वगैरे. माझं मत असं आहे की मेशमध्ये राउटिंग हा सगळ्यात सोपा भाग आहे. जाळं अडतं किंवा रडतखडत चालतं ते बहुतेक वेळा फ्लो कंट्रोलमुळे (पुढे जागा आहे का बघून पाठवायचं की थांबायचं हे ठरवणारी यंत्रणा), आणि जाळ्याच्या टोकाला पॅकेटचं पुढे काय होतं त्यामुळे. त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

नवीन वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका. २००१ मध्ये विल्यम डॅली आणि ब्रायन टोल्स यांनी मुद्दा मांडला की चिपवरच्या प्रत्येक दोन ब्लॉकमध्ये स्वतंत्र तारा ओढत बसण्यापेक्षा एक नीट आखलेलं जाळं बांधा आणि त्यावरून पॅकेटं पाठवा. चिप सपाट असते, त्यामुळे चौकोनी मेश त्यावर सहज बसते: प्रत्येक टाइलला (चौकटीतल्या एका घराला) एक राउटर आणि राउटरला पाच पोर्ट, चार दिशांचे चार आणि एक स्वतःच्या टाइलचा.

पॅकेटचे छोटे तुकडे म्हणजे फ्लिट. पहिल्या फ्लिटमध्ये पत्ता असतो, मधल्यांत माल, आणि शेवटचा फ्लिट जाता जाता वाट मोकळी करतो. पूर्ण पॅकेट प्रत्येक राउटरमध्ये साठवून मग पुढे ढकललं, तर ८ फ्लिटच्या पॅकेटला ५ हॉप (एका राउटरपासून पुढच्यापर्यंत एक) जायला घड्याळाची ४० चक्रं लागतात (राउटरचा स्वतःचा विलंब धरला नाही तरी). वर्महोल पद्धतीत पहिला फ्लिट थांबत नाही, बाकीचे त्याच्या मागोमाग येतात. ५ चक्रांत डोकं पोचतं, पुढच्या ७ चक्रांत शेपूट. एकूण १२. शिवाय प्रत्येक राउटरमध्ये अख्ख्या पॅकेटएवढी जागा लागत नाही, दोन-चार फ्लिटची पुरते. चिपवर ही बचत फार मोलाची आहे.

मात्र याची किंमत मोजावी लागते. डोकं अडलं की शरीर चार-पाच राउटरमध्ये पसरलेलं असतं आणि त्या सगळ्या लिंका ते धरून बसतं. चार पॅकेटं चौकोनात एकमेकांच्या शेपटीमागे अडली तर ती कायमची अडली. डॅली आणि चार्ल्स साइट्झ यांनी १९८७ मध्ये यावर स्वच्छ अट दिली: कुठला चॅनल कुठल्या चॅनलची वाट पाहू शकतो याचा आलेख काढा, त्यात वर्तुळ नसेल तर राउटिंगमुळे डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडणं) होणार नाही.

एक्स-वाय राउटिंग ही अट सहज पाळतं. आधी आडवं चाला, मग उभं, आणि एकदा उभं वळल्यावर पुन्हा आडवं नाही. मेशमध्ये एकूण ८ वळणं शक्य असतात, त्यांतली ४ इथे बंद होतात. घड्याळाच्या दिशेचं वर्तुळ असो की उलट दिशेचं, ते पूर्ण करायला बंद केलेल्या वळणांपैकी दोन लागतातच. झालं, सिद्धता संपली.

आणि तरीही एक्स-वाय वापरणाऱ्या मेश अडतात. का, हे बोलू या.

अनवट

अगदी वेळेवर धागा आला. मी शिकण्यासाठी व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअर लिहायची भाषा) ४×४ मेश लिहिते आहे. प्रत्येक टाइलमध्ये एक छोटा कोअर आणि मेमरीची एक बँक. कोअर कुठल्याही बँकेला विनंती पाठवतो, बँक उत्तर पाठवते. राउटिंग कटाक्षाने एक्स-वाय आहे, वळणांवर असर्शनही (नियम मोडला की ओरडणाऱ्या तपासण्या) लावलेत, एकही फुटत नाही. कमी भाराला तासन् तास सिम्युलेशन चालतं. भार वाढवला की एका क्षणी सगळं गोठतं आणि मग एकही फ्लिट हलत नाही. राउटिंगचं वर्तुळ नसताना हे कसं?

ओळ_स्तंभ

@अनवट, गोठलेल्या क्षणाचा वेव्हफॉर्म (सिग्नल कधी कसे बदलले ते दाखवणारा आलेख) उघडा आणि शेजारशेजारच्या दोन टाइल निवडा. प्रत्येकीत तीन गोष्टी बघा: बँकेच्या इनपुट क्यूमध्ये काय आहे, इंजेक्शन पोर्टावर (टाइलमधून जाळ्यात शिरायच्या दारावर) काय थांबलंय, आणि शेजारणीकडून येणाऱ्या बफरच्या (फ्लिट थांबायच्या जागेच्या) तोंडाशी कुठलं पॅकेट आहे. ते इथे लिहा. मला संशय आहे, पण आधी बघू.

अनवट

पाहिलं. टाइल (१,२) आणि तिच्या पूर्वेची (२,२).

(१,२) च्या बँकेची इनपुट क्यू विनंत्यांनी भरलेली. पहिल्या विनंतीचं उत्तर तयार आहे, ते पूर्वेला जायचंय, पण पूर्वेच्या पोर्टाचे क्रेडिट (पुढच्या बफरमधल्या मोकळ्या जागांची मोजणी) शून्य. कारण (२,२) चा पश्चिमेकडून येणारा बफर भरलाय. त्याच्या तोंडाशी एक विनंती आहे आणि ती (२,२) च्याच बँकेसाठी आहे. ती आत जात नाही, कारण त्या बँकेचीही क्यू भरलेली. तिथेही पहिल्या विनंतीचं उत्तर तयार आहे, ते पश्चिमेला जायचंय, पण पश्चिमेचे क्रेडिट शून्य. कारण (१,२) च्या पूर्वेकडून येणाऱ्या बफरच्या तोंडाशी (१,२) साठीची विनंती आहे.

म्हणजे दोघी एकमेकींची वाट बघत बसल्या आहेत.

ओळ_स्तंभ

इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो. बघा, या वर्तुळात एकही वळण नाही. दोन टाइल, एक सरळ लिंक जाणारी, एक सरळ लिंक येणारी. राउटिंग कितीही निर्दोष असलं तरी हे टळलं नसतं.

डॅली-साइट्झ अटीत एक गृहीतक आहे जे वाचताना नजरेतून निसटतं: मुक्कामाला पोचलेलं पॅकेट आज ना उद्या जाळ्यातून बाहेर काढलं जाईल. तुमच्या बँकेत हे खरं नाही. बँक विनंती तेव्हाच गिळते जेव्हा तिला आधीचं उत्तर जाळ्यात टाकता येतं. म्हणजे ‘येणारा चॅनल’ आणि ‘जाणारा चॅनल’ यांच्यात बँकेच्या आतून एक नवीन अवलंबन तयार झालं. आलेखात ही रेघ कोणी काढत नाही, कारण आलेख राउटरांचा काढला जातो आणि ही रेघ राउटरच्या बाहेर आहे. याला प्रोटोकॉल डेडलॉक म्हणतात.

उपाय ठरलेला आहे. विनंती आणि उत्तर यांना वेगळे बफर द्या: दोन स्वतंत्र जाळी करा किंवा एकाच लिंकवर दोन वेगळे व्हर्च्युअल चॅनल (तारा त्याच, बफर वेगळे), ज्यांत एका वर्गाचं पॅकेट दुसऱ्याच्या चॅनलमध्ये कधीही शिरत नाही. मग उत्तरं विनंत्यांच्या मागे अडकत नाहीत. फक्त शेवटच्या वर्गाला बिनशर्त गिळायची हमी हवी. ती कशी द्यायची? कोअरने विनंती पाठवण्याआधीच उत्तरासाठी जागा राखून ठेवायची. जागा नसेल तर विनंतीच पाठवायची नाही. मग उत्तर आलं की ते हमखास आत जातं, उत्तरांचं जाळं रिकामं होतं, बँकेला उत्तर टाकता येतं, आणि विनंत्या पुढे सरकतात.

बफर मोठे करून हे सुटत नाही, हे मुद्दाम लिहितोय. मोठ्या बफरने गोठण्याचा क्षण फक्त लांबतो, आणि लांबलेला डेडलॉक चाचणीत सापडत नाही. उलट करा. चाचणीसाठी सगळे बफर एक-दोन फ्लिटवर आणा आणि बँकेला अधूनमधून यादृच्छिकपणे थांबवा. जे अडायचं ते लवकर अडेल.

मृण्मयी_

वाचतेय. यात भर घालते.

वर्ग किती हवेत हे प्रोटोकॉलमधली सगळ्यात लांब साखळी ठरवते. नुसती मेमरी वाचन-लेखनाची असेल तर दोन. कॅश कोहिरन्स (सगळ्या कोअरांच्या कॅशमधल्या प्रती जुळत्या ठेवणं) आला की विनंती डिरेक्टरीकडे (कुठली प्रत कुणाकडे याची नोंदवही) जाते, डिरेक्टरी दुसऱ्या कॅशला हटकते, तो कॅश पोच देतो, म्हणजे तीन-चार. आर्मच्या सीएचआय प्रोटोकॉलमध्ये विनंती, स्नूप (दुसऱ्या कॅशला हटकणं), उत्तर आणि डेटा असे चार वेगळे चॅनल आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ओपनपिटॉन या खुल्या प्रोसेसरमध्ये तीन स्वतंत्र जाळी आहेत आणि त्यांचा क्रम पक्का आहे: पहिल्यावर कॅशच्या विनंत्या, तिसऱ्यावर जे येईल ते गिळलंच पाहिजे.

वेगळं जाळं की व्हर्च्युअल चॅनल, यावर लोक बोर्ड परीक्षा असल्यासारखं एकच उत्तर शोधतात, तसं ते नाही. टिलेराच्या २००७ च्या टाइल६४ मध्ये ८×८ टाइलवर पाच स्वतंत्र मेश होत्या. चिपवर तारा तशा स्वस्त, बफर आणि आर्बिटर (दावेदारांतून एक निवडणारं सर्किट) महाग, त्यामुळे साधे राउटर जास्त संख्येने टाकणं त्यांना परवडलं. याउलट इंटेलच्या ४८ कोअरच्या प्रायोगिक एससीसी चिपमध्ये ६×४ ची एकच मेश होती आणि प्रत्येक पोर्टाला ८ व्हर्च्युअल चॅनल. दोन्ही चालतात.

@अनवट, तुमच्या मेशला मी दोन वेगळी जाळीच सुचवेन. राउटरचा कोड तोच, फक्त दोनदा वापरायचा. व्हर्च्युअल चॅनलचं वाटप लिहिणं पहिल्या फेरीत नको.

चक्रगती

धागाकर्त्याच्या मुद्द्याशी सहमत. डेडलॉकवर लोक निदान लक्ष देतात, पण फ्लो कंट्रोलमुळे जे थ्रूपुट गुपचूप अर्धं होतं ते कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण जाळं ‘चालत’ असतं.

क्रेडिटचा हिशेब असा. वरच्या (पाठवणाऱ्या) राउटरकडे खालच्या (घेणाऱ्याच्या) बफरमध्ये मोकळ्या असलेल्या जागांचा काउंटर असतो. फ्लिट पाठवला की एक वजा, खालच्याने फ्लिट पुढे सोडला की तो एक क्रेडिट परत पाठवतो, मग एक अधिक. काउंटर शून्य म्हणजे थांबा. बफर कधीच ओसंडत नाही, फ्लिट कधीच टाकून द्यावा लागत नाही.

आता एका जागेचा प्रवास बघा. फ्लिट क्रॉसबार (राउटरमधला इनपुट-आउटपुट जोडणारा स्विच) आणि लिंक ओलांडतो: २ चक्रं. खालच्या राउटरमध्ये त्याला पोर्ट मिळून तो बाहेर पडतो: २ चक्रं. क्रेडिट तारेवरून परत येतं: १. वरच्याने ते मोजून नवीन फ्लिट निवडायचा: १. एकूण ६. बफर ४ फ्लिटचा असेल तर ६ चक्रांत तुम्ही ४ च फ्लिट पाठवू शकता. समोर कोणी नाही, गर्दी नाही, तरी लिंक ६७ टक्क्यांवर अडून राहते. बफर २ चा असेल तर ३३ टक्के. सूत्र एवढंच: एका चक्रात एक फ्लिट हवा असेल तर बफरची खोली क्रेडिटच्या पूर्ण फेरीइतकी तरी हवीच.

टायमिंग जुळत नाही म्हणून कोणीतरी लिंकवर एक रजिस्टर टाकतं. फेरी दोन चक्रांनी वाढते, एक जाताना आणि एक येताना. बफर मात्र तेवढाच राहतो. घड्याळ वाढलं म्हणून सगळे खूश, आणि बँडविड्थ घटलेली असते. हे मी वेगवेगळ्या प्रोजेक्टांत पाहिलंय.

क्रेडिटऐवजी चालू-बंद पद्धतही असते: खालचा बफर ठरावीक पातळीपर्यंत भरला की तो ‘थांब’ म्हणतो. इंटेलच्या ८० टाइलच्या संशोधन चिपमध्ये (२००७, ८×१० मेश) असंच होतं, ‘जवळजवळ भरला’ हा संकेत प्रत्येक लेनसाठी एक. तारा कमी लागतात. पण ‘थांब’ पोचेपर्यंत वाटेत निघालेल्या सगळ्या फ्लिटना जागा ठेवावी लागते, म्हणून बफर खोल हवा. तिथे प्रत्येक लेनला १६ फ्लिटची रांग होती. त्याच चिपमध्ये राउटरवर टाइलची सुमारे २८ टक्के वीज जात होती, हेही जाता जाता नोंदवतो. बफर फुकट नसतात.

@अनवट, एक असर्शन नक्की लावा. प्रत्येक लिंकसाठी, प्रत्येक चक्रात: वरच्याकडचे क्रेडिट + वाटेतले फ्लिट + खालच्या बफरमधले फ्लिट + वाटेतले परतीचे क्रेडिट = बफरची खोली. ही बेरीज कधीच बदलता कामा नये. एक क्रेडिट हरवलं तर जाळं बंद पडत नाही, ती लिंक कायमची थोडी मंदावते, आणि ते शोधणं फार कठीण जातं. एक क्रेडिट जास्त आलं तर कधीतरी फ्लिटवर फ्लिट लिहिला जातो, तेव्हा लक्षण दिसतं ते तिसरीकडेच.

अनवट

@चक्रगती, असर्शन लावलं आणि ते लगेच फुटलं. बफर रिकामा असताना आलेला फ्लिट थेट पुढे सोडायचा बायपास नुकताच लिहिला होता, त्या वाटेवर क्रेडिट परत जातच नव्हतं. मनापासून आभार.

ओपनपिटॉनचा राउटर कोड पण उघडून बघते आहे. त्यात ‘व्हॅलिड’ सिग्नलच्या उलट दिशेने ‘यमी’ नावाचा सिग्नल जातो. तो म्हणजे क्रेडिटच ना?

चक्रगती

हो, तेच. खालच्याने फ्लिट उचलला की एक चक्र ‘यमी’ वर जातो. ते नाव एमआयटीच्या रॉ प्रोसेसरच्या परंपरेतून आलेलं आहे.

रानवाट

एवढं वाचूनही मला मूळ विधान थोडं एकतर्फी वाटतंय. राउटिंग सोपा भाग आहे हे सगळीकडून समान विखुरलेल्या ट्रॅफिकसाठी ठीक. पण खरे प्रोग्रॅम तसे वागत नाहीत.

मॅट्रिक्स ट्रान्सपोज घ्या. ८×८ मेश, (स्तंभ, ओळ) असं लिहिलं तर टाइल (क,ख) ने (ख,क) ला पाठवायचं. एक्स-वायने आधी आडवं जायचं, म्हणजे ख या ओळीतलं प्रत्येक पॅकेट ख या स्तंभापर्यंत चालणार आणि (ख,ख) वर वळणार. ओळीतली सगळी पॅकेटं कर्णावरच्या एकाच राउटरमध्ये वळतात! शून्यापासून मोजलं तर सातव्या ओळीत डावीकडच्या सातही टाइलांची पॅकेटं (७,७) मध्ये शिरणाऱ्या एकाच लिंकवरून जातात. प्रत्येक टाइलला चक्रामागे १/७, म्हणजे जेमतेम ०.१४ फ्लिट. आणि त्याच वेळी वरच्या-खालच्या कोपऱ्यांतल्या कितीतरी लिंका रिकाम्या पडलेल्या. इथे तुमचे क्रेडिट आणि वर्ग कितीही नीट असोत, काय उपयोग?

तुलनेसाठी: विखुरलेल्या ट्रॅफिकला डाव्या अर्ध्यातल्या ३२ टाइलांची निम्मी पॅकेटं ८ लिंकांवरून उजवीकडे जातात, म्हणजे मर्यादा ०.५ फ्लिट. साडेतीन पट फरक फक्त राउटिंगमुळे.

ओळ_स्तंभ

गणित बरोबर आहे आणि उदाहरणही नेमकं आहे. ‘सोपा भाग’ म्हणताना मला ‘बिनमहत्त्वाचा’ म्हणायचं नव्हतं. सोपा अशासाठी की यावरचे उपाय कळायला आणि करायलाही सोपे आहेत, आणि त्यांची सिद्धता कागदावर होते.

तुमच्याच ट्रान्सपोजसाठी: प्रत्येक पॅकेटसाठी नाणं उडवा. छापा आला तर आडवं-उभं, काटा आला तर उभं-आडवं. पहिल्या प्रकाराला एक व्हर्च्युअल चॅनल, दुसऱ्याला दुसरा, म्हणजे प्रत्येक चॅनलमध्ये स्वतंत्रपणे वर्तुळ नाही. (७,७) कडे जाणाऱ्या लिंकवरचा भार निम्मा होतो, मर्यादा २/७ वर जाते. २००५ मध्ये ओ-वन-टर्न या नावाने ही पद्धत मांडली गेली. राउटरला गर्दीचा अंदाज घ्यावा लागत नाही, शेजाऱ्यांशी बोलावं लागत नाही. खर्च एका बिटचा आणि एका जादा चॅनलचा.

खरं अ‍ॅडॅप्टिव्ह (गर्दी पाहून वाट बदलणारं) राउटिंग हवं असेल तर ग्लास आणि नी यांचं १९९२ चं टर्न मॉडेल आहे. त्यांनी दाखवलं की चार वळणं बंद करायची गरज नाही, प्रत्येक वर्तुळातलं एक, अशी दोन पुरतात. मात्र कुठलीही दोन चालत नाहीत. १६ जोड्यांपैकी १२ च निर्धोक आहेत. पश्चिम-आधी हा त्यातला एक प्रकार: पश्चिमेकडे वळायची दोन्ही वळणं बंद, म्हणून पश्चिमेला जायचं असेल तर सुरुवातीलाच जा. पण त्यात पूर्वेला जाणाऱ्यांना भरपूर वाटा आणि पश्चिमेला जाणाऱ्यांना एकच. चिऊ यांनी २००० मध्ये सम-विषम मॉडेल आणलं, ज्यात बंद वळणं स्तंभ सम आहे की विषम यावर ठरतात, आणि वाटांची मोकळीक सगळीकडे जास्त सारखी वाटली जाते.

दुआतोंनी १९९३ मध्ये याहून मोकळी वाट दाखवली: एका व्हर्च्युअल चॅनलवर एक्स-वाय ठेवा, बाकीच्यांवर मन मानेल तसं फिरा, अडलात तर त्या सुटकेच्या चॅनलवर उतरा. ही सिद्धता वापरताना एक अट जपावी लागते, एका बफरमध्ये एका वेळी दोन पॅकेटांचे फ्लिट राहू द्यायचे नाहीत. म्हणजे शेवटचा फ्लिट निघून बफर पूर्ण रिकामा झाल्याशिवाय तो चॅनल दुसऱ्याला द्यायचा नाही. पॅकेटं एका फ्लिटची असली तर पुन्हा चक्रगती यांच्या सूत्रात अडकलात: प्रत्येक पॅकेटमागे क्रेडिटची पूर्ण फेरी. बघा, राउटिंगची मोकळीक घ्यायला गेलो आणि बिल फ्लो कंट्रोलकडे आलं. माझा रोख याकडे होता.

आणि अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये क्रम जातो. एक्स-वायमध्ये एका टाइलकडून दुसरीकडे एकाच वर्गात निघालेली पॅकेटं निघाली त्या क्रमाने पोचतात. काही कोहिरन्स प्रोटोकॉल नकळत यावर विसंबलेले असतात. नाणं उडवलं तरी हा क्रम मोडतो.

रानवाट

मान्य. क्रमाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आला. इंटेलच्या नाइट्स लँडिंग प्रोसेसरमध्येही साधं ठरावीक राउटिंगच होतं, आधी उभं मग आडवं, हे आता जास्त समजतंय.

मृण्मयी_

अजून एक गोष्ट राहून जातेय, न्याय. आर्बिटर राउंड-रॉबिन (पाळीपाळीने देणारा) आहे म्हणून सगळ्यांना सारखं मिळतं असं धरलं जातं. प्रत्येक राउटर आपापल्या दारात न्यायी असतो, पण पूर्ण जाळं त्यामुळे न्यायी होत नाही.

एका ओळीत टाइल आहेत आणि सगळ्यांना टोकाच्या मेमरी कंट्रोलरकडे जायचंय. शेवटच्या राउटरमध्ये दोन दावेदार: स्वतःची टाइल आणि मागून येणारा प्रवाह. राउंड-रॉबिन दोघांना निम्मं निम्मं देतो. त्या मागच्या निम्म्यात पुन्हा पुढची टाइल निम्मं घेते. म्हणजे पहिलीला १/२, दुसरीला १/४, तिसरीला १/८. सातवी-आठवी टाइल उपाशी. मेशमध्ये कंट्रोलर (०,०) कोपऱ्यात आणि एक्स-वाय असेल तर शून्याव्या ओळीला जवळपास अर्धी बँडविड्थ मिळते, आणि उरलेल्या सात ओळी स्तंभावरून येऊन दुसरी अर्धी वाटून घेतात.

सॉफ्टवेअरवाले विचारतात की एकच थ्रेड इतका मागे का पडतो. कोड तोच असतो, टाइल दूरची असते. पॅकेटच्या वयावर आर्बिट्रेशन केलं तर हे सुधारतं, पण वय सोबत वाहावं लागतं आणि तुलना करणारं सर्किट मोठं होतं. कंट्रोलर एकाच कोपऱ्यात न ठेवता कडांवर पसरवणं आणि पत्ते त्यांच्यात विखरणं, हे मला आधी करायचं काम वाटतं.

पाचवा_पोर्ट

छान चाललाय धागा. मी एफपीजीएवर (आतलं सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप) काम करतो. बफरच काढून टाकले तर? बफरलेस राउटरबद्दल कोणी लिहील का?

ओळ_स्तंभ

लिहितो. कल्पना अशी: राउटरला जेवढे इनपुट तेवढेच आउटपुट, त्यामुळे आलेल्या प्रत्येक फ्लिटला कुठलं ना कुठलं दार मिळतंच. हवं ते मिळालं नाही तर चुकीच्या दिशेने पाठवा, तो फिरून येईल. थांबणं नाही म्हणून राउटरांमध्ये डेडलॉक नाही, क्रेडिट नाही. मॉस्किब्रोडा आणि मुतलू यांनी २००९ मध्ये चिपवरच्या जाळ्यासाठी हे नीट मांडलं. सगळ्यात जुन्या फ्लिटला आधी निवड दिली की तो हमखास पोचतो, नाहीतर बिचारा कायम फिरत राहू शकतो.

कमी भाराला हे उत्तम, वीज वाचते. भार वाढला की भरकटलेले फ्लिटच लिंका खातात. आणि प्रत्येक फ्लिट एकटा फिरतो म्हणून प्रत्येकावर पत्ता हवा, शिवाय मुक्कामाला पॅकेट पुन्हा जुळवायला बफर हवेच. ते बफर भरले की काय, हा प्रश्न तिथेही उभा राहतो. राउटरमधून हाकललेली अडचण टोकाला जाऊन बसते.

एफपीजीएची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रुंद मल्टिप्लेक्सर (अनेक इनपुटांतून एक निवडणारी सर्किटं) महाग पडतात, म्हणून कापरे आणि ग्रे यांचा हॉपलाइट (२०१५) बफरलेस आहे आणि दिशाही एकेरी ठेवतो. राउटर फार लहान होतो. तुमच्या कामाला तो आधी बघा.

अनवट

दोन जाळी केली, बायपास दुरुस्त केला, उत्तरासाठी जागा राखली. आता बफर एक फ्लिटचे करूनही गोठत नाही. पुढचा प्रश्न: आता भार वाढवत लेटन्सीचा (पॅकेट पोचायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख काढते आहे. तो एका पातळीपर्यंत वाढतो आणि मग सपाट होतो. पुस्तकांत तर तो शेवटी उभा वर जाताना दाखवतात. माझी मेश चांगली आहे की मोजणी चुकतेय?

चक्रगती

तुम्ही वेळ कधीपासून मोजताय ते बघा. पॅकेट जाळ्यात शिरलं तिथून मोजत असाल तर आलेख सपाट होणारच. जाळं भरलं की पॅकेट बाहेर थांबतं आणि तो थांबलेला वेळ तुमच्या आकड्यात येतच नाही. दुसरं, रांग भरल्यावर जनरेटर नवीन पॅकेट तयार करायचं थांबवत असेल, तर तुम्ही ०.६ चा भार मागताय असं वाटतं, पण प्रत्यक्षात ०.४ च दिला जातोय.

प्रत्येक टाइलबाहेर हवी तेवढी वाढणारी रांग ठेवा, सिम्युलेशनमध्येच, हार्डवेअरमध्ये नाही. पॅकेट तयार झालं त्या चक्राचा शिक्का त्यावर मारा आणि तिथून शेवटचा फ्लिट पोचेपर्यंत मोजा. सुरुवातीची चक्रं सोडून द्या, कारण रिकाम्या जाळ्याचे आकडे फार गोड असतात. मग ठरावीक काळात तयार झालेल्या पॅकेटांवर खूण करा आणि खुणेचं प्रत्येक पॅकेट पोचेपर्यंत भार चालूच ठेवा. अडकलेली पॅकेटं वगळली तर सरासरीत फक्त नशीबवान उरतात.

सरासरीसोबत सगळ्यात हळू टाइलची लेटन्सीही वेगळी छापा. मृण्मयी_ म्हणतायत तो अन्याय सरासरीत दिसत नाही.